टोपली रिकामी होईना

केर टाकणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट आहे, असे मला गेल्या जानेवारीपर्यंत वाटत असे. घरातला केर सुपलीत भरायचा, सुपली उकिरड्यावर उपडी करायची आणि हात झटकून घरात यायचे. पुढे त्या केराचे खत होते की वाऱ्याबरोबर तो शेजाऱ्याच्या दारात जातो, याची चौकशी कोणी करीत नाही. केराने 'मी जात नाही' असे म्हटल्याचे तर मी कधीच ऐकले नव्हते. पण आमच्या शाळेच्या संगणकातील केराने तसे म्हटले. तो जर मुकाट्याने गेला असता, तर मी आजही स्वतःला मोठा न्यायी माणूस समजत राहिलो असतो.

माणदेशातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो आणि दर वर्षी शाळेच्या वार्षिकांकाचे संपादन करतो. मुले लेख आणून देतात. कोणी वहीच्या पानावर, तर कोणी हल्ली संगणकावर टाइप करून पेन ड्राइव्हमधून. मी ते सारे शिक्षकांच्या खोलीतील संगणकावर एका फोल्डरमध्ये जमा करतो. त्या संगणकावर आम्ही चौघे शिक्षक आपापल्या नावाने काम करतो. गेल्या वर्षी एका लेखावरून वर्गात एक प्रसंगही घडला होता. तो अप्रिय आहे. म्हणून मी तो थोडा पुढे ढकलतो.

जानेवारीच्या मध्यास अंक छापखान्यात जायचा होता. आदल्या दिवशी दुपारी शेवटचे पान जुळवून मी फाइल जतन करू लागलो, तो पडद्यावर अक्षरे उमटली, की डिस्कवर पुरेशी जागा नाही. जागा कोणी खाल्ली हे शोधायला फार वेळ लागला नाही. स्नेहसंमेलनातील प्रत्येक नाचाचे चित्रण तीन तीन जणांनी केले होते आणि तिघांनीही ते याच संगणकावर आणून ठेवले होते. मी एकेक प्रत ठेवली आणि बाकीच्या भराभर टोपलीत टाकल्या. तरी जागा तसूभरही वाढली नाही!

येथे त्या टोपलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी तिचे चित्र पाहिले असेल, पण तिच्या आत डोकावले नसेल. संगणक नवे होते तेव्हा त्यांच्यात टोपली नसे. 'पुसून टाक' म्हटले की फाइल गेली. तिला परत बोलावण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती नसे. मनुष्य मात्र चुकणारा प्राणी. म्हणून १९८३ साली ॲपल कंपनीने 'लिसा' नावाचा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर केराच्या टोपलीचे एक लहानसे चित्र ठेवले; पुढच्याच वर्षी आलेल्या 'मॅकिंटॉश'वरही ते आले. मायक्रोसॉफ्टने १९९५ साली 'विंडोज ९५' काढले तेव्हा त्यात 'रीसायकल बिन' ठेवली. या साऱ्यांमागची कल्पना एकच. आपण फाइल टाकतो तेव्हा ती नष्ट होत नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते एवढेच. ती दुसरी खोलीही त्याच घरातली असते. मग घरातली जागा वाढणार कशी? रद्दी दिवाणखान्यातून उचलून माळ्यावर ठेवली, तर घर काही हलके होत नाही. टोपली रिकामी केली म्हणजेच जागा मोकळी होते.

(एक गोष्ट ओघात सांगतो. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल बहुधा या टोपलीत येत नाही. ती थेट जाते. हे मला ठाऊक नव्हते, तेव्हा एकदा दहावीची प्रश्नपत्रिका मला रात्री दोनपर्यंत जागून पुन्हा टाइप करावी लागली होती.)

तर मी टोपली रिकामी करण्याची आज्ञा दिली. "या वस्तू कायमच्या काढून टाकायच्या याची आपल्याला खात्री आहे ना?" असे संगणकाने रीतीप्रमाणे विचारले, आणि मीही रीतीप्रमाणे, म्हणजे प्रश्न न वाचता, 'हो' म्हटले. हिरवी पट्टी सरकू लागली. ती अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच आमच्याकडे जशी नेहमी जाते तशी वीज गेली.

पाऊण तासाने वीज आली. संगणक सुरू केला, तेव्हा टोपलीच्या चित्रात चुरगळलेले कागद तसेच दिसत होते. टोपली उघडली, तर आत काहीच नाही. बाहेरून भरलेली आणि आतून रिकामी! पुन्हा रिकामी करू गेलो, तो एक नवाच निरोप आला: "सी ड्राइव्हवरील रीसायकल बिन बिघडली आहे. या ड्राइव्हवरील बिन रिकामी करायची आहे काय?" खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. माझा हात 'हो'कडे गेलाच होता. पण अंक अजून जतन झालेला नव्हता, आणि 'बिघडली' या शब्दाने मी जरा बिचकलो. 'नाही' म्हटले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. उघडे असतील नसतील ते सारे कार्यक्रम मिटले. उपयोग झाला नाही. शिपाईमामांनी येऊन यंत्रावर दोन थापा मारल्या. रेडिओच्या काळी हा इलाज खात्रीचा होता, असे त्यांचे म्हणणे. संगणकाला मात्र तो मानवला नाही.

शेवटी मी बसस्थानकासमोर निरोप धाडला. तेथे माझा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो. शाळेत असताना निबंधाच्या तासाला तो नेमाने पेंगत असे. आज मात्र तो खुर्चीवर ताठ बसला होता आणि मी त्याच्या मागे विद्यार्थ्यासारखा उभा होतो.

मी त्याला सारे सांगितले आणि म्हणालो, "'हो' म्हणून टाकतो. केरच तर आहे."

"थांबा, सर," तो म्हणाला. "'हो' म्हटले की आत जे आहे ते पुसायला निघेल. आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. न पाहता कशाला टाकायचे?"

टोपली अशी का अडते, हे मी त्याला विचारले. त्याची बोटे कळफलकावर चालू होती आणि तो बोलत होता. कधी टाकलेली फाइल दुसऱ्याच एखाद्या कामात गुंतलेली असते. ते काम मिटवले, किंवा संगणक एकदा बंद करून सुरू केला, की ती सुटते. कधी ती दुसऱ्याच्या मालकीची असते आणि तिला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नसतो. कधी फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असे करीत फाइलचा पत्ता इतका लांबतो की साधारण २६० अक्षरांच्या पलीकडे तो नेहमीच्या आज्ञांना पेलेनासा होतो. लांबलचक नावे देण्याची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि कधी आमच्यासारखे होते: काम अर्धे झाले असता वीज जाते आणि हिशेबाची वही व माल यांचा मेळ सुटतो.

ही हिशेबाची वही म्हणजे काय, ते त्याने मला दाखवले. पडद्यावर दिसणारी टोपली हे नुसते चित्र. खरी टोपली म्हणजे डिस्कवरचे एक लपवून ठेवलेले फोल्डर. प्रत्येक डिस्कला असे निराळे फोल्डर असते, आणि त्याच्या आत संगणक वापरणाऱ्या प्रत्येक माणसाची एक वेगळी खोली असते. खोलीवर माणसाचे नाव नसते. तुरुंगातल्या कैद्यासारखा एक लांबलचक क्रमांक असतो. आपण फाइल टाकली की विंडोज तिचे मूळ नाव काढून घेते आणि तिला सहा वेड्यावाकड्या अक्षरांचे नवे नाव देते. त्याच वेळी त्याच नावाची एक चिमुकली चिठ्ठीही लिहून ठेवते. फाइल पूर्वी कोठे होती, तिचे नाव काय होते, ती केवढी होती आणि कोणत्या दिवशी किती वाजता टाकली, हे सारे त्या चिठ्ठीत असते. आपण टाकलेली वस्तू परत मागतो तेव्हा ती बिनचूक आपल्या जागी जाऊन बसते, ती या चिठ्ठीमुळेच.

वीज गेली तेव्हा काही फाइली पुसल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या उरल्या होत्या. काही चिठ्ठ्या गेल्या होत्या आणि फाइली पोरक्या झाल्या होत्या. काही जोड्या मात्र धडधाकट होत्या. त्याने काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ती सारी यादी काढली आणि ज्या फाइली अजून शाबूत होत्या त्यांच्या प्रती एका नव्या फोल्डरमध्ये काढून ठेवल्या.

"आता एकदा नजर घाला आणि सांगा, की हे सगळे केरच आहे," तो म्हणाला.

मी नजर घालू लागलो. नाचाची चित्रणे होती. गतवर्षीचे वेळापत्रक होते. आणि एक दोन पानांची फाइल होती. तिच्या चिठ्ठीत मूळ नाव होते, 'नवीन दस्तऐवज (३)'. ती उघडली. पहिल्या ओळीवर शीर्षक होते: 'आमची बैलजोडी विकली तो दिवस'. खाली एका मुलाचे नाव आणि 'इयत्ता सातवी'.

आता तो पुढे ढकललेला प्रसंग सांगणे भाग आहे.

डिसेंबरच्या वीस तारखेला मी सातवीच्या वर्गात निवडलेल्या लेखांची यादी वाचून दाखवली. तास संपताना एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझा लेख?" मी म्हणालो, "तुझा लेख माझ्याकडे आलाच नाही." तो म्हणाला, "दिला होता, सर. मीच तुमच्या हातात पेन ड्राइव्ह दिला होता." मी संगणकावर पुन्हा पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याला तेच सांगितले. तो पुन्हा म्हणाला, "दिला होता, सर." तेव्हा मला राग आला. "दिला असतास तर गेला कोठे? लेखाला काय पाय फुटतात? लिहिला नसेल तर लिहिला नाही म्हणावे. खोटे बोलू नये." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि तासाला हात वर करणेही सोडून दिले. हे दुसरे माझ्या लक्षात आले होते. पण त्याचा अर्थ मी असा लावला होता, की खोटे उघडे पडल्यामुळे तो वरमला आहे.

"ही फाइल कोणी टाकली हे कळेल का रे?" मी विचारले. आम्ही चौघे तो संगणक वापरतो, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मला उरलेल्या तिघांची फार आठवण झाली.

त्याने एक आज्ञा दिली. संगणकावर आत्ता बसलेल्या माणसाचा क्रमांक पडद्यावर आला. संगणकावर मी माझ्या नावाने बसलो होतो. ज्या खोलीत ती फाइल सापडली तिच्यावरही तोच क्रमांक होता, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. चिठ्ठी लिहिल्याची वेळ होती १२ डिसेंबर, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटे.

मग मला ती दुपार आठवली. शाळा सुटायला थोडा वेळ होता. त्या फोल्डरमध्ये 'नवीन दस्तऐवज' या नावाच्या चारपाच फाइली जमल्या होत्या. आपण नाव दिले नाही, तर संगणकच असे काहीतरी नाव देतो. निबंधाच्या वहीवर नाव नसेल तर वही तपासायची नाही, हा माझा जुना दंडक. त्यातल्या पहिल्या दोन उघडल्या, त्या कोऱ्या निघाल्या. उरलेल्या मी उघडल्याच नाहीत; तशाच टाकल्या. अवघ्या काही सेकंदांचे काम. आणि आठ दिवसांनी मी त्या मुलाला भर वर्गात खोटा ठरवला होता.

माझा विद्यार्थी काही बोलला नाही. त्याने पाणी मागितले आणि ते पिण्यात बराच वेळ घेतला. निबंधाच्या तासाला पेंगणाऱ्या या पोराला एवढी समज कोठून आली, याचे मला नवल वाटले.

मी लेख वाचला. त्याच्या वडिलांनी खिल्लारी जोडी विकली त्या दिवसाची हकीकत होती. बैल टेंपोत चढेनात. वडिलांनी हाक मारली तेव्हा ते चढले, आणि हाक मारली म्हणून वडील दिवसभर जेवले नाहीत. एवढेच होते. अलंकार नव्हते, म्हणी नव्हत्या. मी वर्गात ज्यांना गुण देतो त्यांतले फारसे काहीच नव्हते. माझ्या अंकात त्याच्या तोडीचा दुसरा लेख नव्हता.

टोपलीचे काम राहिले होते. बिघडलेले फोल्डरच समूळ काढून टाकायचे, म्हणजे संगणक स्वतःच नवे तयार करतो, असे त्याने सांगितले. पण तसे केले की त्या डिस्कवरच्या चौघांच्याही खोल्या एकदम जातात. म्हणून मी सहशिक्षकांकडे जाऊन प्रत्येकाला विचारून आलो. चित्रकलेच्या बाईंची दोन चित्रे चुकून टाकली गेली होती. ती बाहेर काढली. मग त्याने प्रमुखाच्या अधिकाराने काळा पडदा उघडला आणि एका ओळीची आज्ञा लिहिली. ती ओळ मी येथे देत नाही. तिच्यात एका शब्दाची चूक झाली, तर टोपलीऐवजी भलतेच काही नाहीसे होते, आणि ते परत आणायला तेथे कोणती चिठ्ठी नसते. त्याने ओळ दोनदा वाचली, मला मोठ्याने वाचायला लावली, आणि मगच कळ दाबली. क्षणभरात चित्रातले कागद नाहीसे झाले. टोपली रिकामी. डिस्कवर भरपूर जागा. त्यानंतर डिस्क तपासण्याचा एक कार्यक्रम लावून तो निघाला. मजुरी मात्र घेईना.

अंकात दोन पानांची जागा करायची होती. ती संपादकीयातून निघाली. कापल्यावर संपादकीय बरेच सुधारले, असे नंतर तिघांनी सांगितले.

रात्री मला झोप आली नाही. सकाळी वर्गात जाऊन 'तुझा लेख सापडला' एवढेच म्हटले असते, तरी चालण्यासारखे होते. तो मुलगा खूश झाला असता. लेख छापून आला असता. 'सापडला' या शब्दात कोणाचाच दोष नाही. मी तो शब्द अंथरुणात पडल्या पडल्या पुष्कळ वेळा म्हणून पाहिला. फार सोयीचा शब्द आहे. पण वर्ग हसला होता त्याचे काय करायचे, हे त्या शब्दात कोठे बसेना.

सकाळी पहिला तास सातवीवर होता. हजेरी झाली. मी खुर्चीवर न बसता उभाच राहिलो आणि सांगितले, की वीस तारखेला व एकवीस तारखेला मी या वर्गात एका मुलाला खोटे बोलतोस असे म्हणालो. तो खरे बोलत होता. लेख त्याने दिला होता, मी तो न वाचता टाकून दिला होता, आणि टाकल्याचे विसरलो होतो. तारीख सांगितली, वेळही सांगितली. मी त्याची क्षमा मागितली.

कोणी हसले नाही. मुले माझ्याकडे पाहत होती, आणि मग एकेक करून त्याच्याकडे पाहू लागली. तो बाकावर नखाने रेघा ओढीत बसला होता. बऱ्याच वेळाने तो उभा राहिला.

"सर, लेख छापला का?"

"नाही. आज जायचा आहे छापखान्यात."

"मग त्यात एक चूक आहे. पवळ्या उजव्या बाजूचा होता. मी डाव्या बाजूचा लिहिलाय. घरी गेल्यावर कळलं. पण तोवर पेन ड्राइव्ह दिला होता."

मधल्या सुट्टीत मी त्याला शिक्षकांच्या खोलीत नेऊन संगणकासमोर बसवले. त्याने 'डाव्या' पुसून 'उजव्या' केले, आणि दुसऱ्या बैलासाठी खालच्या ओळीत 'उजव्या'चे 'डाव्या' केले. मग फाइलच्या नावावर थांबून माझ्याकडे पाहिले, आणि मी काही सांगण्यापूर्वीच एकेक अक्षर शोधीत लिहिले: 'पवळ्या आणि खंड्या'.